नाकातल्या खपल्या आणि लघवीची तपासणी



थंडी पडली की घरोघरी कुणाचे तरी नाक चोंदलेले असते. वाफ घेतली, चार दिवस औषध घेतले की विषय संपतो. काहींचा मात्र संपत नाही. नाकात रक्ताळलेल्या खपल्या धरतात, घोळणा वारंवार फुटतो, कानाला दडे बसतात, अँटिबायोटिक घेऊनही सायनस हटत नाही. असे महिनोन्‌महिने चालले, तर एका दुर्मीळ आजाराचा विचार व्हायला हवा.

त्याचे नाव ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस, थोडक्यात जीपीए. २०११ पर्यंत तो वेगेनरचा आजार म्हणून ओळखला जाई. यात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या बारीक रक्तवाहिन्यांवर उलटते. त्या सुजतात, रक्तपुरवठा तुटतो. नाकाच्या पडद्याला भोक पडू शकते, नाक मधोमध बसू शकते.

मोठा धोका पुढेच असतो. हा आजार फुफ्फुसे आणि मूत्रपिंडे गाठतो, आणि मूत्रपिंड बिघडताना बहुधा दुखत नाही. म्हणून लघवीची साधी तपासणी मोलाची. तीत रक्तपेशी किंवा प्रथिने दिसली, तर वेळ दवडू नये. जोडीला रक्तातील क्रिएटिनिन आणि छातीचा सीटी स्कॅन करतात.

रक्ताच्या ‘अँका’ चाचणीत पीआर३विरोधी प्रतिपिंडे सापडली, तर संशय बळावतो. पण आजार नाक-सायनसपुरताच असेल, तर ही चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. नाकातला तुकडा काढून तपासला, तरी त्यात पुष्कळदा नुसती सूजच दिसते. त्यामुळे एका निगेटिव्ह रिपोर्टवर निर्धास्त होऊ नये. मूत्रपिंडाला त्रास असेल, तर तिथली बायोप्सी अधिक स्पष्ट उत्तर देते.

आपल्याकडे आणखी एक घोळ होतो तो क्षयाचा. फुफ्फुसातल्या गाठी, पोकळ्या, खोकल्यातून रक्त ही लक्षणे दोन्हींत दिसतात. जंतू सापडलेले नाहीत आणि क्षयाच्या औषधांनी उतारही नाही, तर डॉक्टरांना फेरविचाराची विनंती करावी. औषधे मनाने बंद करू नयेत. उलट, क्षय असताना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली, तर तो बळावतो. म्हणून दोन्ही बाजू तपासाव्या लागतात.

पूर्वी उपचारांअभावी बहुतेक रुग्ण वर्षभरात दगावत. आज स्टेरॉइड, रिटुक्सिमॅब, सायक्लोफॉस्फामाइड यांनी बहुतेकांचा आजार आटोक्यात येतो. तो उलटू शकतो, म्हणून तपासण्या चालू ठेवाव्या लागतात.

तेव्हा घरात कुणाचे नाक असे हटून बसले असेल, तर सगळे रिपोर्ट एका फाइलीत लावा, कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा आणि विचारा: “लघवी तपासायची का? संधिवाततज्ज्ञांना दाखवू का?”