नत्रवायूचे यंत्र आणि त्यास लागणारी स्वच्छ हवा

बदाम, पिस्ते, अक्रोड यांत तेल असते व प्राणवायूच्या संसर्गाने ते खवट होते, हे बेगम बाजारातील सुकामेव्याच्या व्यापाऱ्यांस आम्ही सांगावयास नको. म्हणूनच पाकिटात हवेऐवजी नत्रवायू भरतात. तो सिलिंडरमधून विकत आणता येतो, तसाच जागेवर मिळविण्याची यंत्रेही निघाली आहेत.

यंत्र नत्रवायू ‘तयार करते’ असे म्हणतात, पण हवेत तो सुमारे ७८ टक्के असतोच. यंत्र तो केवळ वेगळा काढते. त्यात दोन उभ्या टाक्या असून त्यांत विशिष्ट कोळशाचे दाणे भरलेले असतात. दाण्यांची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की प्राणवायूचे रेणू त्यांत चटकन शिरतात. नत्रवायूचे किंचित मोठे, ते मागे राहतात. कॉम्प्रेसरने दाबलेली हवा एका टाकीत सोडली की दुसऱ्या टोकास नत्रवायू मिळतो. मग हवा दुसऱ्या टाकीकडे वळते आणि पहिलीतील दाब उतरवून अडकलेला प्राणवायू सोडून देतात.

बिघाडाचे मूळ बहुधा टाकीत शिरणाऱ्या हवेत असते. पावसाळ्यात ३० अंश उष्णतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे २५ ग्रॅम बाष्प असू शकते. अशी आठ घनमीटर हवा दाबून एका घनमीटरात कोंबली, तर तिच्यात २०० ग्रॅम बाष्प येते. पण ती थंड होऊन पुन्हा ३० अंशांवर आली की सुमारे ३० ग्रॅमच धरू शकते. उरलेल्या १७० ग्रॅमांचे पाणी होते! ते वेळीच काढले नाही तर दाण्यांवर जाते.

तेल त्याहून वाईट. पाणी पुष्कळदा वाळविता येते, परंतु कॉम्प्रेसरमधील तेलाची वाफ छिद्रांत बसली की सहसा निघत नाही. दाणे निकामी होऊ लागतात, नत्रवायूत प्राणवायू मिसळू लागतो, आणि पिस्त्यांस वास लागण्याचे भय ते वेगळेच. बिनतेलाचा कॉम्प्रेसर घेतला म्हणजे चिंता मिटली असेही नाही. गल्लीतील मोटारींचा धूर तो आत ओढतोच.

म्हणून कॉम्प्रेसरनंतर हवा थंड करणे, पाणी काढणे, ड्रायरमधून वाळविणे, बारीक फिल्टरांतून गाळणे व शेवटी कोळशाच्या फिल्टरातून नेणे, हा क्रम ठेवतात. आयएसओ ८५७३-१ या मानकात धूळ, पाणी व तेल यांच्या निरनिराळ्या इयत्ता आहेत. शाळेच्या उलट, येथे इयत्ता जितकी खालची तितकी हवा चांगली! तेलाच्या पहिल्या इयत्तेत घनमीटरास ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक तेल चालत नाही.

धर्मादाय संस्थेच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या लाटेत प्राणवायूसाठी देशभर हाहाकार उडाला, तेव्हा मुंबईत पवई येथील आयआयटीत प्रा. मिलिंद अत्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी टाटा कन्सल्टिंग इंजिनिअर्स आणि स्पॅनटेक इंजिनिअर्स यांच्या साहाय्याने असेच नत्रवायूचे यंत्र प्राणवायूकडे वळविले. मुख्य बदल दाण्यांचा: कोळशाऐवजी झिओलाइट, जे नत्रवायू धरून ठेवते व प्राणवायू पुढे सोडते. ३.५ वातावरण दाबास ९३ ते ९६ टक्के शुद्ध प्राणवायू मिळाला. झिओलाइट मात्र पाण्याचे लोभी. ओली हवा मिळाली की ते पाणीच धरून बसते व नत्रवायूस जागा उरत नाही. सुकामेव्याचे पाकीट बिघडले तर व्यापाऱ्याचे पैसे जातात. येथे रुग्णाच्या श्वासाचा प्रश्न असतो.

आपल्याकडे यंत्रासाठी देणगीदार मिळतो, त्याच्या नावाची पाटीही लागते. फिल्टरासाठी पाटी कोणी लावीत नाही! आमचे मत असे की कोणत्याही ट्रस्टने दवाखान्यासाठी असे यंत्र स्वीकारण्यापूर्वी फिल्टर बदलण्याचा वार्षिक खर्च लेखी मागून घ्यावा, हवा आत घेण्याचे तोंड रस्त्यापासून व डिझेल जनरेटरपासून दूर ठेवावे, आणि टाकीतील पाणी रोज कोण सोडणार त्याचे नाव आधी ठरवावे.