शेजघरात शिरणारा धूर

रायपूर शहराच्या उत्तरेस, बिरगावला लागून, उरल्याची औद्योगिक वसाहत पसरलेली आहे. लोखंड-पोलादाच्या कारखान्यांची उंच धुराडी तेथे दुरूनच नजरेत भरतात, आणि गच्चीवर, अंगणात, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणाऱ्या काळ्या भुकटीविषयीची रहिवाशांची तक्रार वर्षानुवर्षे चालत आलेली आहे. या धुराबद्दल अर्ज होतात, सरकारी दप्तरात त्याची नोंद होते. कारखान्यातून गंधकाचा वायू ताशी किती बाहेर पडतो यावरून धुराडे किती उंच असावे, याचे सूत्रही नियमांत घालून दिलेले आहे. परंतु अशा वसाहतींच्या आसपासची गावे आणि मजुरांच्या वस्त्या यांत, सिलिंडर परवडत नाही म्हणून असो वा वेळेवर मिळत नाही म्हणून असो, जेथे अजून लाकडाची चूल किंवा कोळशाची सिगडी पेटते, तेथल्या घरगुती धुराड्याची विचारपूस करणारे कोणतेही खाते नाही. त्याचा दोष घरच्या माणसांनाच ओळखावा लागतो आणि घरच्या माणसांनाच निस्तरावा लागतो.

या दोषाचे सर्वांत त्रासदायक रूप म्हणजे चूल एका खोलीत आणि धूर दुसऱ्या खोलीत. स्वयंपाकघरात धुराडे बसवलेले असते, चुलीच्या तोंडाशी फारसा धूर दिसतही नाही, आणि तरीही शेजघरातल्या अंथरुणाला धुराचा वास लागतो, माळ्यावरच्या धान्याच्या पोत्यांवर काजळी धरते, पाळण्यातले मूल रात्रभर खोकत राहते. अशा वेळी घरधनी प्रथम काय करतो, तर नळीच्या ज्या सांध्यातून धूर निघताना दिसतो तो सांधा माती-शेणाने किंवा सिमेंटाने लिंपून टाकतो. दोन दिवस बरे जातात आणि तिसऱ्या दिवशी धूर दुसरीकडून डोके काढतो. माझे सांगणे एवढेच आहे की धूर जेथून बाहेर पडताना दिसतो तेथे बहुधा मूळ दोष नसतो. तो त्याच्या वरती असतो, आणि वरचा दोष काढल्यावाचून खालचे लिंपण निष्फळ ठरते.

हे पटण्यासाठी धुराड्याचे कार्य कसे चालते ते थोडे समजून घेतले पाहिजे. तापलेली हवा विरळ आणि म्हणून हलकी होते. नळीतला हलका स्तंभ आणि बाहेरच्या थंड हवेचा तेवढ्याच उंचीचा जड स्तंभ यांच्या वजनातील तफावत हीच धुराड्याची ओढ होय. तीन मीटर उंचीच्या नळीत धुराचे सरासरी तापमान १५० अंश सेल्सियस आणि बाहेरचे ३० अंश धरले, तर ही ओढ पाण्याच्या स्तंभाच्या सुमारे एका मिलिमीटरइतकी भरते. फुंकणीतून मारलेली हलकी फुंकरही तिच्याहून कितीतरी बलवान असते. एवढ्या दुर्बळ शक्तीवर साऱ्या घराची हवा स्वच्छ राखण्याची जबाबदारी आपण सोपवलेली असते. नळी उंच असेल आणि धूर उष्ण असेल तर ती शक्ती वाढते. नळी तोकडी असेल, जळण ओले असेल किंवा वैशाखातल्या दुपारी बाहेरची हवाच तापलेली असेल तर ती कमी होते.

आता या तत्त्वातून निघणारा एक निष्कर्ष लक्षपूर्वक पाहिला पाहिजे. धुराड्याची ओढ जोवर शाबूत आहे, तोवर नळीच्या आतला दाब खोलीतल्या दाबापेक्षा कमीच असतो. म्हणून सांध्यात फट असली तरी खोलीतली हवा आत ओढली जाते, धूर बाहेर येत नाही. सांध्यातून धूर बाहेर पडतो आहे याचा अर्थ बहुधा असा की त्या जागेच्या वर कोठेतरी मार्ग अडला आहे, किंवा वरून उलटा वारा नळीत शिरतो आहे. याची परीक्षा एका उदबत्तीने करता येते. चूल चांगली पेटल्यावर पेटती उदबत्ती प्रत्येक सांध्याजवळ, भिंतीतून नळी पार होते त्या भोकाजवळ आणि माळ्यावरच्या जोडाजवळ सावकाश फिरवावी. तिच्या धुराची रेघ फटीकडे वळून आत गेली, तर ओढ निरोगी आहे आणि फट तेवढी बुजवावी. कारण आत शिरणारी थंड हवा धुराला निववते आणि ओढ कमी करते. रेघ मागे लोटली गेली, तर लिंपण्याचा विचार सोडून शिडी काढावी आणि छपरावर जावे.

छपरावर प्रथम पाहावयाची ती नळीच्या तोंडावरची टोपी. पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून बसवलेली ही टोपी पुष्कळदा नळीला इतकी खेटून बसवलेली असते की थोडी काजळी धरली की मार्गच बंद होतो. पाखरांनी आत काड्या भरल्याचेही प्रकार घडतात. त्याखाली नळीच्या आतला थर पाहावा. ओले लाकूड मंद जळते तेव्हा त्याच्या धुरातली वाफ आणि तेलकट द्रव्ये थंड नळीला लागून डांबरासारखी चिकटतात. हा थर मार्ग अरुंद करतोच, शिवाय कधीकाळी पेट घेऊन घराच्या वाशांना आग लावण्याचे सामर्थ्यही त्यात असते. कोळशाच्या धुरातला गंधक ओलाव्याशी मिळून आम्ल बनवतो आणि पत्र्याची नळी आतून खातो. म्हणून जेथे सिगडीचा धूर पत्र्याच्या नळीतून नेला आहे, तेथे नळी बाहेरून धड दिसली तरी बोटाने दाबून पाहावी. नळ्यांची जोडणी करताना वरच्या नळीचे तोंड खालच्या नळीच्या आत बसले पाहिजे, म्हणजे आत ओघळणारे काळे पाणी आतच राहील. एकपदरी पत्र्याची नळी लाकडाच्या वाशापासून किमान ४५ सेंटीमीटर दूर असावी, हा अमेरिकेतील अग्निसुरक्षेचा नियम आपल्याकडील कवेलूच्या घरांना तर अधिकच लागू पडतो. नळीच्या तोंडाची उंची हाही तेवढाच महत्त्वाचा मुद्दा आहे: छपरातून जेथे नळी बाहेर पडते तेथून ती किमान तीन फूट वर असावी, आणि दहा फुटांच्या अंतरातील छपराच्या कोणत्याही भागापेक्षा दोन फूट उंच असावी, एरवी आढ्यावरून उतरणारा वारा धूर पुन्हा खाली लोटतो.

छपरावर दोष सापडला नाही, तर घराची रचना तपासावी. कवेलूच्या छपराची वहिवाट विदर्भ आणि छत्तीसगड या दोन्हीकडे एकच आहे. अशा घरांत खोल्यांमधल्या आडभिंती पुष्कळदा तुळईच्या पातळीवर थांबवलेल्या असतात आणि वर आढ्यापर्यंतची पोकळी सर्व खोल्यांना सामाईक असते. जुन्या घरांत धूर कवेलूंच्या फटींतून झिरपून जात असे. पुढे कवेलू जाऊन पत्रा किंवा स्लॅब आला, फटी बुजल्या, आणि वर कोंडलेला धूर आडभिंतीवरून शेजघरात उतरू लागला. दुसरे कारण पंख्याचे. खिडक्या-दारे बंद करून एक्झॉस्ट पंखा लावला, की तो घरातली हवा बाहेर फेकतो आणि तिची भरपाई धुराड्यातून खाली ओढून घेतो. चुलीजवळची खिडकी चार बोटे उघडून धूर थांबला, तर हेच कारण समजावे. थंड, दमट पहाटे नळीतली हवा जड होऊन बसलेली असते, म्हणून चूल पेटवण्याआधी नळीच्या बुडाशी, साफसफाईच्या भोकातून, मूठभर वाळलेले गवत किंवा कागद जाळून नळी तापवून घ्यावी.

तिसरे कारण सर्वांत फसवे आहे. १७८५ च्या ऑगस्टमध्ये बेंजामिन फ्रँकलिन फ्रान्सहून अमेरिकेस परतत असताना, वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर, जहाजावर बसून आपले स्नेही डॉ. इंगेनहाउझ यांना धुराड्यांच्या दोषांविषयी एक प्रदीर्घ पत्र लिहीत होता. त्यात त्याने धूर घरात येण्याची नऊ कारणे दिली. त्यांपैकी एक असे की विस्तव नसलेल्या खोलीतही धूर भरतो, कारण तिचे थंड धुराडे शेजारच्या पेटत्या धुराड्याचा धूर वरून आत घेते. दुसरे असे की एकाच घरातल्या दोन धुराड्यांपैकी बलवान धुराडे दुर्बळ धुराड्यावर कुरघोडी करते. दोन खोल्यांच्या दोन चुली एकाच नळीला जोडलेल्या असतील, तर न पेटलेल्या चुलीच्या तोंडातून शेजारच्या चुलीचा धूर येणारच. उपाय एकच: चुलीमागे नळी, प्रत्येकीला स्वतंत्र, आणि ते होईपर्यंत न पेटलेल्या चुलीचे तोंड झाकणाने घट्ट बंद.

आपल्या देशात या प्रश्नाचा विचार झाला नाही असे नाही. १९३४ च्या डिसेंबरात वर्ध्यास स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या मगनवाडीत धुराडे असलेली मगन चूल तयार झाली, हैदराबादेत डॉ. एस. पी. राजू यांनी निर्धूर चुलीवर काम करून १९५३ मध्ये पुस्तक लिहिले. १९८३ पासून केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालवला आणि तो बंद होईपर्यंत तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली ग्रामीण कारागिरांना चुली घडवण्याचे शिक्षण देण्यात आले. तरीही छत्तीसगडच्या सीमेपलीकडील ओडिशात रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी धुराड्याच्या सुधारित चुली दिलेल्या कुटुंबांचा चार वर्षे मागोवा घेतला, तेव्हा पहिल्या वर्षी श्वासावाटे जाणारा धूर कमी झाला आणि पुढे तो लाभ नाहीसा झाला, असे आढळले. कुटुंबांनी चुली नियमित वापरल्या नाहीत आणि त्यांची डागडुजीही होईनाशी झाली. चूल देण्याची तजवीज झाली, पण धुराड्याची निगा राखण्याचा बंदोबस्त कोणीच केला नाही.

आणखी एक इशारा देणे मला कर्तव्य वाटते. धुराला वास आणि रंग असतो म्हणून तो कळतो. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला दोन्ही नसतात. छत्तीसगडात हिवाळ्यात निखाऱ्यांनी भरलेली मातीची गोरसी उबेसाठी जवळ ठेवतात. ती बंद खोलीत ठेवून झोपणे प्राणघातक आहे, आणि ज्या घरात चुलीचा धूर शेजघरात उतरतो तेथे हाच वायू त्याच्याबरोबर उतरत असतो. डोके जड होणे, मळमळणे, सकाळी उठवत नसणे ही त्याची लक्षणे समजून आधी दारे-खिडक्या उघडाव्यात, माणसांना बाहेर काढावे, आणि मगच विस्तवाकडे वळावे.

म्हणून प्रत्येक चुलीच्या घराने वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या तोंडावर आणि दिवाळीच्या झाडलोटीबरोबर, टोपी उतरवून नळी वरपासून खालपर्यंत खरवडावी. जेथे कोळसा जळतो तेथे अधिक वेळा. शासनाने गॅस घरोघर पोहोचवावा हे योग्यच आहे, परंतु तो नित्याचा होईपर्यंत प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि कामगार-वस्तीने धुराड्याची नळी तपासून दुरुस्त करणारा एक शिकलेला कारागीर नेमावा, आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईने धुराची तक्रार केली की तिला सहन करण्याचा सल्ला न देता त्याला त्याच दिवशी बोलवावे. कारखान्याच्या धुराड्यावर सरकारी लक्ष असते ते लोकांच्या फुप्फुसांसाठी. चुलीच्या धुराड्यालाही त्याच फुप्फुसांसाठी तेवढ्याच देखरेखीचा हक्क आहे.