पपईच्या देठातली वारंवारता

विज्ञान शिकवायचं साहित्य नेटवर ढिगाने आहे, फुकट आहे आणि बरंचसं मराठीतही आहे. पण सातवीतल्या एका मुलीला ‘ध्वनी’ शिकवताना कळलं, की खरा खेळ फोन बाजूला ठेवल्यावर सुरू होतो.

‘‘वारंवारता म्हणजे एका सेकंदात होणाऱ्या दोलनांची संख्या. पुढचं विचार, दादा.’’

आमच्या घरमालकांची मुलगी सातवीत आहे. व्याख्या तिने एका दमात म्हटली. मी विचारलं, ‘‘म्हणजे काय गं?’’ ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि वैतागून म्हणाली, ‘‘म्हणजे दोन मार्क.’’

तळेगाव स्टेशनवरून एमआयडीसीच्या रस्त्याने इंद्रायणी ओलांडली की आमची आंबी. एका अंगाला भातखाचरं, दुसऱ्या अंगाला कॉलेजं आणि कारखाने. इंजिनिअरिंगची बरीच पोरं गावातल्या खोल्यांत भाड्याने राहतात, त्यातलाच मी एक. थर्ड इयर, मेकॅनिकल. काकू एकदा म्हणाल्या, ‘‘तू इंजिनिअर होणार, हिचं विज्ञान तेवढं बघ की.’’ बदल्यात रविवारचं जेवण. मेसला कंटाळलेल्या माणसाने आणखी काय मागावं!

मला वाटलं, यात काय अवघड? यूट्यूब आहे ना! पहिल्याच संध्याकाळी ध्वनीवरचा एक भारी ॲनिमेशनवाला व्हिडिओ लावला. रंगीत लहरी, मागे म्युझिक. तिने डोळे न मिटता बघितला. ‘‘कळलं?’’ ‘‘हो.’’ ‘‘काय कळलं?’’ ‘‘छान होतं.’’

चाचणीत प्रश्न आला: सिंहाची डरकाळी आणि डासाची गुणगुण, यांत कोणाचा स्वर उच्च? तिने लिहिलं, सिंहाचा. उत्तर चुकलं. घरी येऊन तिने जाहीर केलं, ‘‘मला विज्ञान जमत नाही. दहावीनंतर आर्ट्स.’’ आर्ट्स घेण्यात वाईट काहीच नाही. पण बारा वर्षांच्या पोरीने एका चुकलेल्या उत्तरावरून एक आख्खं दार लावून घ्यावं, हे मला काही पटेना. त्यात तो व्हिडिओ मीच दाखवलेला.

मग म्हटलं, आधी आपलीच परीक्षा घेऊ. रूमवर चहाचं आधण उकळत होतं. चौघांना विचारलं, ‘‘पाणी खळखळ उकळताना हे जे मोठे बुडबुडे येतात, त्यात काय असतं?’’ एक म्हणाला हवा, दुसरा ऑक्सिजन, तिसऱ्याने हायड्रोजनही आणला. चौथा म्हणाला, ‘‘साखर टाक.’’ बरोबर उत्तर होतं वाफ. सुरुवातीला भांड्याच्या तळाशी दिसतात ते बारीक बुडबुडे पाण्यात विरघळलेल्या हवेचे. उकळीचे मोठे बुडबुडे पाण्याच्याच वाफेचे. आम्ही सगळे सीईटी काढून आलेलो. व्याख्या आम्हालाही पाठ होत्या, भांड्यात मात्र कोणी बघितलं नव्हतं.

ट्रक सोडून खेळणी

त्या रात्री शोधता शोधता अरविंद गुप्तांच्या साइटवर पोचलो. नाव ऐकलं होतं, माणूस माहीत नव्हता. आयआयटी कानपूरचे 1975चे इंजिनिअर. पुण्यात टेल्कोत नोकरी. 1978 साली रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात गेले. तिथे खेड्यातल्या सरकारी शाळांमधली मुलं प्रयोग करून विज्ञान शिकत होती. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या यांतून त्यांनी आकृत्या जोडायचा खेळ केला, आणि मग टाकाऊतून खेळणी बनवणं हेच आयुष्यभराचं काम झालं. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत ते अनेक वर्षं होते. 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. खेळण्यांची कृती, छोटे व्हिडिओ, पुस्तकांच्या पीडीएफ असं सगळं त्यांनी साइटवर फुकट ठेवलंय, आणि त्यात मराठीही भरपूर.

त्यातली एक कृती अगदी सोपी होती, स्ट्रॉची पिपाणी. टोक चपटं करायचं, दोन्हीकडून तिरकं कापायचं, फुंकायचं. आमची गाडी स्ट्रॉवरच अडली. प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर जुलै 2022पासून बंदी. कागदी आणल्या, त्या चार फुंकरांत ओल्या होऊन लोळल्या. ओट्यावर बसून आजी सगळा तमाशा बघत होत्या. म्हणाल्या, ‘‘त्या नळीचं काय घिऊन बसलाय? परसातली पपई मेली का?’’

पपईच्या पानाचा देठ आतून पोकळ. बंद टोकाजवळ आजींनी विळीने एक उभी चीर दिली, तोंडात धरला आणि असा काही भोंगा वाजवला की शेजारचं कुत्रं उठून उभं राहिलं. कुठल्याच व्हिडिओत नसलेली कृती आमच्या घरातच होती!

मग पोरीने देठ घेतला. चिरेवर बोट ठेवलं तर गुदगुल्या झाल्या. हेच ते कंपन. दुसऱ्या टोकाकडून बोटभर कापून परत फुंकलं. आवाज बारीक झाला. आणखी कापलं, आणखी बारीक. मग जोरात फुंकलं, हळू फुंकलं. आवाज लहानमोठा झाला, पण तसा चिरका नाही झाला. ती थांबली. ‘‘म्हणजे मोठा आवाज वेगळा आणि उंच आवाज वेगळा?’’ मी गप्प राहिलो. हे मला फार जड गेलं. ‘‘मग सिंहाचा मोठा आणि डासाचा उंच!’’ ती स्वतःच ओरडली.

पुस्तकात याच दोन गोष्टींना ‘तीव्रता’ आणि ‘उच्चनीचता’ म्हटलंय. ते शब्द मी नंतर सांगितले. आधी अनुभव, मग नाव. उलट्या क्रमाने शिकवलं की नुसते दोन मार्क उरतात.

आता फोन काढा

फोन वाईट असं मुळीच नाही. देठ वाजल्यानंतर तो खरा कामाला आला. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं ‘फायफॉक्स’ नावाचं फुकट ॲप आहे. ते फोनच्या माइकवरून आवाजाची वारंवारता हर्ट्झमध्ये दाखवतं. लांब देठाचा आकडा घेतला, मग आखूड देठाचा. देठ आखूड होईल तसा आकडा चढत गेला. ‘‘एका सेकंदात एवढ्या वेळा हलतं?’’ ती डोळे विस्फारून स्क्रीनकडे बघत होती. पाठ केलेली व्याख्या तिला पहिल्यांदा समोर दिसली.

आता आमचा नियम ठरलाय. जे हाताने करता येतं ते आधी हाताने. जे डोळ्यांना दिसूच शकत नाही, तिथे स्क्रीन. ‘स्थितिक विद्युत’ला केसांवर फुगा घासून भिंतीला चिकटवला. पण प्रभार कसे सरकतात ते कुठे दिसणार? तिथे ‘फेट’. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वाइमन यांनी 2002 साली अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. त्यातले बरेच खेळ मराठीत आहेत. एकदा डाउनलोड केले की नेट नसलं तरी चालतात. पावसाळ्यात इथे लाइट आणि रेंज जोडीने जातात, तेव्हा याची किंमत कळते. ‘तारकांच्या दुनियेत’ धड्याला ‘स्टेलॅरियम’ वापरतो, पण आधी गच्चीवर जाऊन मान वर करायची, मग स्क्रीनवर नावं शोधायची.

आणि पुस्तकातले ते क्यूआर कोड? मी स्वतः कधी ते डिझाइनच समजत होतो. फोन धरला की ‘दीक्षा’वर त्या धड्याचं साहित्य उघडतं, तेही आधी डाउनलोड करून ठेवता येतं. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात.

तुमच्याही घरात किंवा शेजारी असं कोणी सहावी-सातवीतलं असेल, तर माझ्या चुकांवरून एवढंच सांगतो. व्हिडिओ आधी स्वतः बघा, स्वतः करून बघा. आमचा निम्म्या वेळा पहिल्यांदा फसतो. प्रयोगाच्या ऐन क्षणी व्हिडिओ थांबवा आणि विचारा, ‘आता काय होईल?’ उत्तर चुकलं तरी लगेच दुरुस्त करू नका. तीन-चार मिनिटांच्या वर काही लावू नका. आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना बोलवा.

परवा संध्याकाळी नळाला पाणी आलं होतं. काकूंनी हंडा लावला आणि आत गेल्या. पोरगी अभ्यास सोडून हंड्यापाशी कान लावून उभी. ‘‘दादा, भरत आला की याचा आवाज बारीक बारीक का होत जातो?’’

मी फोन काढणार होतो. तेवढ्यात ती म्हणाली, ‘‘थांब, सांगू नको.’’ पाणी काठाला आलं, सांडायला लागलं. आतून काकू ओरडल्या. ही तिथेच उभी होती, ओल्या पायांनी. ‘‘आतली हवा आखूड होतेय,’’ ती म्हणाली, ‘‘देठासारखी.’’