शेवटचा अंतरा गेला कुठे?

रात्रीचा एक वाजला होता. कुर्ल्यातल्या आमच्या दहा बाय पंधराच्या खोलीत सगळी झोपली होती, पण मुलाच्या चादरीतून उजेड येत होता. पोरगा अकरावीला. "ठेव तो मोबाईल! अभ्यास कोण करणार?" मी दरडावलं. त्याने निमूटपणे कानातली वायर काढून माझ्या कानाला लावली. ऐकतो तर भीमगीत! चाल ओळखीची, शब्द ओळखीचे, पण त्यावर डीजेचा नुसता दणका. अर्ध्या मिनिटात गाणं संपलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

"कोणाचं रे हे गाणं?" मी विचारलं. त्याने कुठल्याशा डीजेचं नाव सांगितलं.

"अरे, हे वामनदादांचं गाणं आहे!"

"पण पप्पा, इथे तर त्यांचं नाव कुठेच नाही."

वाचकहो, त्या रात्री मला झोप लागली नाही. पोराचं काही चुकलं नव्हतं. जे समोर आलं तेच त्याने सांगितलं होतं.

वामनदादा कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी झाला. अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत कष्ट करताना. त्या माणसाने पुढे हजारो गीतं लिहिली, गावोगाव फिरून गायली. १५ मे २००४ रोजी ते गेले. त्यांच्याही आधी भीमराव कर्डकांच्या जलशाने बाबासाहेबांची चळवळ गावकुसाबाहेर नेली होती. पुढे कॅसेटचा जमाना आला आणि प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज घरोघर पोहोचले. आमच्या पिढीला इतिहास आधी गाण्यातून कळला, पुस्तक नंतर हाती आलं.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्या लोककवींची एक रीत आहे. गाण्याच्या शेवटच्या अंतऱ्यात कवी स्वतःचं नाव गुंफतो. वामनदादांच्या कितीतरी गीतांत शेवटी 'वामन' येतो. ज्यांची नावं कुणी कागदावर लिहिली नाहीत, त्यांनी ती गाण्यातच लिहून ठेवली. मोबाईलवरचं गाणं अर्ध्या मिनिटाचं असतं. त्यात धृपद राहतं, दणका राहतो आणि शेवटचा अंतरा कापला जातो. त्याच्याबरोबर कवीचं नावही जातं.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, इंटरनेट स्वस्त झालं आणि वस्तीतल्या पोरांच्या हाती जग आलं. मग टिकटॉक आलं. जून २०२० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली, तर पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामचे रील्स आले. या सगळ्याला नुसत्या शिव्या देऊन काय उपयोग? याच मोबाईलवर बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे इंग्रजी खंड फुकट वाचायला मिळतात. आमच्या वेळी एक खंड मिळवायला किती खेटे घालावे लागत!

आणि मुलांना नाचायचं असतं, हेही खरं आहे. बँजोच्या तालावर आम्ही काय कमी नाचलो? परंतु जयंतीच्या वर्गणीतली निम्मी रक्कम डीजेला जाते आणि गायन पार्टीला मात्र "पुढच्या वर्षी बघू" म्हणतात, तेव्हा मन खिन्न होतं.

आमच्या वस्तीत विहाराच्या मागे एक बाबा राहतात. पालिकेतून सफाई कामगार म्हणून निवृत्त झाले. एकेकाळी पेटी घेऊन बसले की सामना पहाटेपर्यंत रंगायचा. स्वतः गाणी रचायचे. २६ जुलै २००५ च्या पुरात त्यांच्या घरात छातीएवढं पाणी होतं. गाण्यांची वही त्यात गेली. आज त्यांची गाणी आहेत ती फक्त त्यांच्या आठवणीत, आणि त्यांचं वय ८१ आहे.

मुलाला मी त्यांच्याकडे घेऊन गेलो. पहिल्या दिवशी तो कंटाळला. दुसऱ्या रविवारी मात्र दोन मित्रांना घेऊन आपणहून गेला. वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन संपलं की बाबा गायचे आणि पोरं मोबाईलवर रेकॉर्ड करायची. तीन महिन्यांत २३ गाणी झाली. एका गाण्याचा शेवटचा अंतरा बाबांना काही केल्या आठवेना. तेवढ्यात पूर्वी कोरसमध्ये गाणाऱ्या एका मावशींनी भांडी घासता घासता दारातूनच तो म्हणून दाखवला. बाबांचं नाव त्यातच होतं! बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. आणखी दोन गाणी मात्र अर्धवटच राहिली आहेत. ती आता कुणालाच येत नाहीत.

पोरांनी प्रत्येक गाण्याखाली लिहिलं आहे : गीत कोणाचं, चाल कोणाची, ढोलकीवर कोण, कोरसला कोण. हे काही उपकार नव्हेत. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या गीतांवर वारसांचा हक्क असतो, आणि आपलं नाव लागण्याचा कवीचा हक्क कायद्यानेच मान्य केला आहे.

तेव्हा समाजबांधवांनो आणि मायभगिनींनो, एवढंच सांगणं आहे. पोराच्या हातातला मोबाईल हिसकावून घेण्याआधी त्याला विचारा, हे गाणं कोणाचं? त्याला सांगता आलं नाही आणि तुम्हालाही आलं नाही, तर दोघांनी मिळून शोधा. जयंतीत डीजे लावायचा तर लावा, पण एक संध्याकाळ गायन पार्टीला द्या. आणि तुमच्या वस्तीत असे एखादे बाबा, अशा एखाद्या मावशी असतील, तर येत्या रविवारीच त्यांच्या दारात जाऊन बसा. पुढच्या वर्षावर ढकलू नका.

जयभीम!