दुसऱ्या वाद्यांची बोली शिकलेली गिटार

‘द बर्ड्‌स’ या अमेरिकन बँडची कोणतीही आवडती गाणी काढा, कान आधी रॉजर मॅग्विनच्या गिटारीकडेच जातो. १९६४ मध्ये बीटल्सच्या ‘अ हार्ड डेज नाइट’ या चित्रपटात त्याने जॉर्ज हॅरिसनच्या हातात बारा तारांची रिकनबॅकर पाहिली आणि स्वतःसाठीही घेतली.

बारा तारा म्हणजे सहा जोड्या. खर्जाकडच्या चार जोड्यांत दोन तारांमध्ये एका सप्तकाचं अंतर. उरलेल्या दोन जोड्यांतल्या तारा एकाच स्वरात. इतर बारातारी गिटारींवर हात खाली येताना आधी वरच्या सप्तकाची तार छेडली जाते, रिकनबॅकरवर आधी खर्जाची. मॅग्विन शिकागोत लोकसंगीत आणि बँजो शिकलेला. तो अंगठा-तर्जनीत पिक धरायचा आणि पुढच्या दोन बोटांवर बँजोवाल्यांच्या नख्या चढवायचा. जानेवारी १९६५ मध्ये डिलनचं ‘मिस्टर टँबोरिन मॅन’ मुद्रित झालं, तेव्हा बर्ड्‌सपैकी वाद्य वाजवलं ते एकट्या मॅग्विनने; बाकी साथ स्टुडिओतल्या वादकांची. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं.

या गिटारीवर कॉम्प्रेसर लावला, की आघाताचा जोर दबतो, विरणारा स्वर वर उचलला जातो आणि आस लांबते. त्या आसेवर १९६६ चं ‘एट माइल्स हाय’ उभं आहे. जॉन कोलट्रेनच्या ‘इंडिया’ या रचनेतला सॅक्सोफोन मॅग्विनने तारांवर आणला. पंडित रविशंकरांची सतारही तेव्हा बँडच्या कानांत होती. माझं सर्वांत लाडकं गाणं हेच.

१९६८ मध्ये ग्रॅम पार्सन्स बँडमध्ये आला आणि बर्ड्‌स कंट्री संगीताचं माहेर असलेल्या नॅशव्हिलला जाऊन पोचले. ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ या अल्बममधलं ‘यू एन्ट गोइंग नोव्हेअर’ सुरू होतं लॉइड ग्रीनच्या पेडल स्टीलने, म्हणजे पेडल दाबून स्वर घसरवणाऱ्या आडव्या गिटारीने. पुढे बँडमध्ये आलेल्या क्लॅरेन्स व्हाइटला पेडल स्टीलची ती मींड साध्या टेलिकास्टर गिटारीवर हवी होती. ड्रमवादक जीन पार्सन्सने (ग्रॅमचा नातलग नव्हे) त्यासाठी गिटारीच्या आत तरफ बसवली: गिटारीचा दांडा खाली दाबला, की खांद्याच्या पट्ट्याला ताण बसून दुसरी तार पूर्ण एका स्वराने चढते.

बँजो, सॅक्सोफोन, पेडल स्टील: बर्ड्‌सच्या गिटारी दर वेळी दुसऱ्या वाद्याकडून काही शिकल्या, म्हणूनच ही गाणी शिळी होत नाहीत. व्हाइटची टेलिकास्टर पुढे कंट्री गायक-वादक मार्टी स्टुअर्टकडे गेली. २०१८ मध्ये ‘स्वीटहार्ट’च्या पन्नाशीनिमित्त मॅग्विन आणि बँडचा मूळ बासवादक ख्रिस हिलमन दौऱ्यावर निघाले, तेव्हा साथीला स्टुअर्टच होता.