रॅम घेण्यापूर्वीं

घरांतील जुना संगणक मंदावला म्हणजे रॅम वाढविण्याचा सल्ला जो तो देतो, आणि तो बहुधा चुकीचा नसतो. रॅम म्हणजे संगणकाची चालू कामापुरती स्मृति. ती अपुरी पडली कीं यंत्रास एकेक गोष्ट मंदगति डिस्कवरून पुनःपुन्हां आणावी लागते. परंतु बीड जिल्ह्यांतील श्रोत्यांस या सल्ल्याच्या पुढची अडचण अधिक जाणवेल. आष्टीचा मनुष्य अहिल्यानगर गांठतो, अंबाजोगाईचा लातूर गांठतो. कोणी पुण्यास शिकणाऱ्या मुलाकडून पट्टी मागवितो. पट्टी घरीं येते आणि बसतच नाहीं. परत करावयाची तर पुन्हां तेवढाच प्रवास, शिवाय फोडलेलें पाकीट दुकानदार घेईलच असें नाहीं. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर भराभर चढले, तेव्हांपासून ही चूक अधिकच महाग झाली आहे.

वास्तविक पट्टी चालेल कीं नाहीं हा निकाल मदरबोर्डाचा असतो, आणि तो पैसे मोजण्यापूर्वीं घरबसल्या कळूं शकतो. कोणती चूक घातक व कोणती क्षम्य, एवढें मात्र ध्यानांत ठेविलें पाहिजे.

घातक चूक पिढीची. आपल्या भागांतील वडील मंडळींस बार्शी लाईट रेल्वे आठवत असेल. १८९७ सालीं सुरू झालेली ही गाडी अवघ्या अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धांवे. १९११ सालीं ती लातुरापर्यंत आली. कुर्डुवाडीस मोठ्या रुळांची गाडी शेजारींच येऊन उभी राही, पण एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर चढविणें शक्य नव्हतें. रॅमच्या पिढ्यांचें असेंच आहे. जेडेक या संस्थेनें डीडीआर ३ चें प्रमाण २००७ सालीं, डीडीआर ४ चें २०१२ सालीं व डीडीआर ५ चें २०२० सालीं प्रसिद्ध केलें. त्यांचा विद्युद्दाब अनुक्रमें १.५, १.२ व १.१ व्होल्ट. डेस्कटॉपच्या डीडीआर ४ व ५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ पिना असल्यामुळें नजरेची फसगत होते. परंतु कांठावरील खांचेची जागा मुद्दामच निराळी ठेविली आहे. पट्टी सहज बसत नसेल तर अंगठ्याचा जोर वाढवूं नये. लॅपटॉपची पट्टी तर आंखूडच असते. ती डेस्कटॉपमध्यें चालत नाहीं.

प्रोसेसरच्या नांवावरून पिढीचा तर्क करणें नेहमींच सुरक्षित नसतें. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांस डीडीआर ४ हि चालते व ५ हि. आपल्या बोर्डावर स्लॉट कोणता, हेंच पाहावें लागतें. म्हणून संगणक बंद करून, विजेची तार काढून, बाजूचें झांकण उघडावें. बोर्डावर त्याचें मॉडेल छापलेलें असतें. तें टिपून घेऊन निर्मात्याच्या संकेतस्थळावर पाहिलें कीं पिढी, स्लॉटांची संख्या व कमाल क्षमता तिन्ही कळतात. तेथें तपासून पाहिलेल्या पट्ट्यांची यादीहि असते. यादींत नसलेली पट्टी चालणारच नाहीं असें मात्र समजूं नये.

जुन्या पट्टीवरील चिठ्ठीहि पुष्कळ सांगते. ‘पीसी ३–१२८००’ यांतील तीन ही पिढी. १२८०० म्हणजे एका सेकंदांत वाहणारे मेगाबाईट. त्यास आठानें भागिलें असतां १६०० येतात. दुकानांत हीच पट्टी ‘डीडीआर ३–१६००’ या नांवानें मिळते, आणि गिऱ्हाईक उगीच गोंधळतें. तिनाच्या पुढें ‘एल’ असल्यास ती १.३५ व्होल्टवर चालणारी. कित्येक लॅपटॉपांस तीच लागते.

दुसरी घातक चूक क्षमतेची. संगणकवर्गांतून व कचेऱ्यांतून निघालेल्या यंत्रांत इंटेलच्या जी ४१ किंवा एच ६१ या चिपसेटचे बोर्ड पुष्कळ आढळतात. एच ६१ वर एका स्लॉटांत ८ जीबी, एकूण १६ जीबी हीच सीमा. जी ४१ तर फारच चोखंदळ: ४ जीबीची पट्टी सोळा चिपांची असेल तर तो घेतो, तीच आठ चिपांची असेल तर बहुधा घेत नाहीं. हें पाकिटावर कोणी लिहीत नाहीं; पट्टी हातांत घेऊन चिपा मोजाव्या.

सर्व्हरमधून काढलेली ‘रजिस्टर्ड’ रॅम जुन्या बाजारांत आश्चर्यकारक स्वस्त मिळते. घरगुती बोर्डावर ती चालत नाहीं. स्वस्ताईचें कारण बरेंचसें हेंच.

वेगाची चूक क्षम्य आहे. २४०० च्या पट्टीशेजारीं ३२०० ची बसविली तर दोन्ही सामान्यतः २४०० नें चालतात. जास्त दिलेले पैसे तेवढे वायां जातात. सारख्या दोन पट्ट्यांची जोडी मात्र एकट्या मोठ्या पट्टीहून बहुधा अधिक चपळ ठरते. आणि श्रोतेहो, संगणकावर ३२ बिटांची विंडोज असेल तर घरगुती आवृत्तींत ४ जीबीच्या पुढची रॅम कामींच येत नाहीं. तेथें खर्च करण्यापूर्वीं आधीं विंडोज बदलावी.

पट्टी बसविण्यापूर्वीं कॅबिनेटच्या धातूस हात लावून अंगांतील स्थिर वीज उतरूं द्यावी. दोन्ही बाजूंच्या कड्या टक् असा आवाज करून मिटल्या पाहिजेत. कांहीं बोर्डांवर हलती कडी एकाच बाजूस असते. संगणक सुरू झाल्यावर बायॉसमध्यें पूर्ण आंकडा दिसतो कीं नाहीं तें पाहावें, आणि मेमटेस्ट ८६ हा कार्यक्रम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवावा. मध्येंच वीज गेली तर चांचणी पहिल्यापासून करावी लागते, म्हणून यूपीएस असल्यास बरें. एकहि चूक दाखविली गेली तर पट्टी काढून पुसून पुन्हां बसवावी. तरीहि चूक राहिल्यास, परत करण्याची मुदत संपण्याच्या आंत दुकान गांठावें.