कल्चर शॉक म्हणजे नेमकं काय? चीनच्या आधी वसईत आलेल्या इटालियन वकिलाची गोष्ट

चीनमध्ये फिरणाऱ्या युरोपियन पर्यटकांचे रील्स तुम्हीही पाहिले असतील. जेवताना गरम पाणी, भाजीवाल्यालाही फोनवरून पैसे, प्रत्येक गोष्टीवर विस्फारलेले डोळे! पण हा प्रकार इन्स्टाग्रामपेक्षा खूप जुना आहे. सुमारे ३३० वर्षांपूर्वी एक इटालियन प्रवासी चीनमध्ये पोहोचला होता. आणि त्याआधी तो आजच्या पालघर जिल्ह्यात येऊन गेला होता.

कोण होता हा प्रवासी?

त्याचं नाव जोव्हानी फ्रांचेस्को जेमेली करेरी. शिक्षणाने वकील. १६९३ मध्ये तो नेपल्सहून जगप्रदक्षिणेला निघाला. एका ठिकाणी माल घ्यायचा, पुढच्या ठिकाणी विकायचा आणि त्यातून प्रवासखर्च भागवायचा, अशी त्याची पद्धत होती. १६९५ मध्ये तो भारतात आला. तेव्हा तारापूर, केळवे-माहीम आणि वसई ही ठाणी पोर्तुगीजांकडे होती. पुढे त्याच वर्षी तो चीनला गेला.

वसईत त्याला काय खटकलं?

वसईत त्याने एक पोर्तुगीज लग्न पाहिलं. नवरी भारी फ्रेंच पोशाखात होती, पण कर्ण्यांचे सूर त्याला इतके रडके वाटले की, गुन्हेगाराला फाशी द्यायला नेताना असंच वाजवतात, असं त्याने लिहून ठेवलं. वऱ्हाडी मंडळींना ते सूर मंगलच वाटत असणार!

चीनमध्येही तेच. उंच डोंगरांवरून गेलेली भिंत पाहून त्याला हसू आलं. जिथे शत्रूचा घोडा चढूच शकत नाही, तिथे भिंत कशाला, हा त्याचा प्रश्न होता.

मग कल्चर शॉक म्हणजे काय?

ही कल्पना लोकांपर्यंत पोहोचवली मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी, १९५० च्या दशकात. त्यांचं म्हणणं साधं होतं. कधी हस्तांदोलन करायचं, कुणाला हो म्हणायचं, कुणाला नाही, अशा शेकडो खुणांवर आपलं रोजचं जगणं चालतं. नव्या जागी त्या खुणा अचानक नाहीशा होतात आणि माणूस गोंधळतो. सुरुवातीला सगळं छान वाटतं, मग चिडचिड होते, हळूहळू सूर सापडतो आणि शेवटी माणूस रुळतो.

म्हणजे धक्का त्या जागेत नसतो. आपली मोजपट्टी आणि ती जागा यांच्यातल्या अंतरात असतो. म्हणूनच करेरीची शेरेबाजी वाचताना वसईपेक्षा नेपल्स जास्त कळतं.

मग त्याचं लिखाण टाकाऊ आहे का?

अजिबात नाही. जिथे त्याने शेरा मारण्याऐवजी नीट पाहिलं, तिथे आपल्या हाती मोठा ऐवज लागतो. वसई कोटाबाहेरच्या हिरव्यागार बागा, पाणी उपसून त्यांचं होणारं शिंपण, दोन मोठ्या लाकडी रुळांमध्ये ऊस पिळणारा बैलांचा चरक, हे सगळं त्याने नोंदवलं. या बागांमध्ये राबणारे लोक मात्र त्याच्या चित्रात फारसे दिसत नाहीत, कारण त्याची ऊठबस पोर्तुगीजांमध्ये होती.

याचा आज काय संबंध?

बोईसर स्टेशनवर उतरून तारापूर एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाच्या तरुणालाही हाच धक्का बसतो. भाषा वेगळी, जेवण वेगळं, घरमालकाशी बोलायची रीत वेगळी. फरक इतकाच, की करेरी कंटाळला की पुढे निघू शकत होता. या तरुणाला थांबावंच लागतं.

कधी कधी तर प्रवास न करताही धक्का बसतो. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही किनाऱ्यावरची गावं हलवण्यात आली. समुद्राच्या भरती-ओहोटीवर दिवस मोजणारी मच्छीमार कुटुंबं वसाहतीत राहायला गेली. जिल्हा तोच, भाषा तीच, पण रोजच्या खुणा गेल्या.

त्यामुळे पुढच्या वेळी ‘किती विचित्र लोक आहेत हे’ अशी कमेंट टाइप करण्याआधी एक प्रश्न विचारून पाहा: ‘हे लोक असं का करत असतील?’ पहिल्या वाक्यातून आपण कळतो, दुसऱ्यातून ते.